कावडीची दुसरी बाजू

(सान्श्या, तैवान : चहामळ्यातली एक म्हातारी, तैपेहून आलेल्या संशोधकाला)

बस पोरा, त्या बांबूच्या स्टुलावर.
पाय डुगडुगतो त्याचा, पण अजून कुणाला पाडलं नाही.
नाव लिही : आ-किम.
वय तुझ्या त्या जपानी पोलिसांच्या रजिस्टरात असेल,
माझ्यापेक्षा त्यालाच नीट ठाऊक.

अकरा महिन्यांची होते,
कावडीतून आले या घरात.
पुढच्या टोपलीत मी, मागच्या टोपलीत रताळी,
कावड कलू नये म्हणून
माझ्या वजनाइतकीच, मोजून.
सासऱ्याने दोन्ही टोपल्या
उंबऱ्याशी एकदमच उतरवल्या.

आ-बोक तेव्हा दीड वर्षाचा.
सासूच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला मी.
पुढे एका वाडग्यातली पेज,
एका गोधडीतलं मुतणं,
एकमेकांच्या उवा.
त्याचा पहिला पडलेला दात
मीच कौलांवर भिरकावला.
लोक म्हणायचे, शहाणं घर.
सून घरातच वाढतेय,
ना पालखी, ना वाजंत्री, ना जेवणावळीची डुकरं.

सतरावं सरलं त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री
वाडगे उचलता उचलता सासू म्हणाली,
आजपासून तुम्ही दोघं त्या खोलीत.
एवढंच लग्न.
आम्हाला आधी हसू फुटलं.
मग दाराबाहेर काठी वाजली
आणि हसू जागच्या जागी वाळलं.
सासऱ्याची चिलीम विझेपर्यंत
तो एका भिंतीशी बोलत होता, मी दुसऱ्या.

तू म्हणतोस, हे अंगातलं जुनं शहाणपण.
लहानपणी जो कुशीला निजला
त्याला रक्त सख्खाच धरतं,
आणि सख्ख्यांच्या संगातून पीक रोगट येतं,
म्हणून लाखो वर्षांपूर्वी केव्हातरी
ही कडी आतून बसली.
आमच्यासारख्या घरांत पाळणे कमी, काडीमोड जास्त,
असं रजिस्टरात दिसतं म्हणतोस.
दिसत असेल.
कडी होती. मी अंधारात चाचपलीय ती.
पण दार बाहेरून ढकलणारेही होते,
त्यांचं काय नाव तुझ्या शास्त्रात?

अकरा वर्षांत एक मूल.
ते कसं झालं, ते विचारू नकोस.

मग खालच्या मळ्यात
पिंगलिनकडची एक बाई चहा खुडायला आली.
दात पुढे, आवाज घोगरा.
तिने नुसतं विचारलं, पाणी आहे का,
आणि आ-बोकची भरलेली पाटी उतारावरून गडगडत गेली.
त्याचे कान इतके लाल
मी जन्मात पाहिले नव्हते,
आणि त्याचा जन्म बहुतेक सगळा मी पाहिलाय.
त्याचंही कारण असेल तुझ्याकडे,
कंबर, कातडी, परक्या घामाचा वास.
मला दिसलं ते एवढंच,
की आभाळ भरलंय आणि याला सर्दी लगेच होते.
मी छत्री दिली.
पुढे पुष्कळ वर्षं देत राहिले.

माझे कान?
ते वहीत नको.
तो माणूस अजून देवळामागे टोफू विकतो.

आ-बोक गेला तेव्हा
बायकोचं म्हणून तागाचं वस्त्र
माझ्या डोक्यावर ओढलं लोकांनी.
आत मी रडत होते ते
दूधभाऊ गेला म्हणून.
कुणाला कळलं नाही.
ताग जाड असतो.

निघालास?
ती छत्री घे, दांडा मोडलाय, पण उघडते.
आणि एक राहिलं, लिहून ठेव.
मागच्या टोपलीतली ती रताळी
त्याच संध्याकाळी उकडली होती.
फार गोड निघाली,
असं सासू मरेपर्यंत सांगायची.